रविवारी तुम्ही कुठल्या बाकावर बसता?

पत्र

ताई, सलाम. वय 47, राहणार कोल्हापूर. पूर्वी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते बंद करून पूर्णवेळ सेवेत आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुठल्या मिशनच्या पगारावर नाही, विश्वासाने चालतो. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या भागात दुचाकीवर फिरून घरोघरी प्रार्थना, सभा, संदेश असं सुवार्तिकाचं, म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्याचं काम करतो. आठवड्याचे चार-पाच दिवस बाहेरच, आणि रविवार तर हमखास बाहेर. लोक म्हणतात, ब्रदर बोलायला लागले की तास कसा गेला कळत नाही. पण कित्येक महिने झाले, मी एकटा गुडघे टेकतो तेव्हा आत काहीच हलत नाही. शब्द येतात ते सवयीने.

बायको नर्स आहे, घर तिच्या पगारावर चालतं. मुलगी बारावीला आहे. परवा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आलात की घरात सभा भरल्यासारखी वाटते." दुकान अर्धवेळ पुन्हा सुरू करावं असं मनात येतं. पण एका ज्येष्ठ सेवकांनी सुनावलं, नांगराला हात घालून मागे बघणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. त्यात एका गावात पोरांनी मोबाइल समोर धरून विचारलं, एक माणूस बाटवायचे किती मिळतात?

आणखी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. एका गावात टीबी झालेल्या बाईंसाठी मी प्रार्थना केली. त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या सभेत त्यांनी तशी साक्ष दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी गप्प बसलो. ताई, मी ढोंगी आहे का?

ता. क. फेब्रुवारीत चंदगडकडे तीन दिवसांच्या सभा आहेत. मुख्य वक्ता म्हणून बोलावलंय. जाऊ का?

– एक सेवक, कोल्हापूर

उत्तर

सलाम, भाऊ.

पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी आठवडाभर थांबतील. टीबीच्या बाईंची थांबणार नाही, म्हणून तिथून सुरुवात करते.

टीबीच्या गोळ्या नेमाने सुरू झाल्या की काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, माणूस हिंडूफिरू लागतो. जंतू मात्र अजून शरीरात असतात. म्हणून साध्या टीबीलाही किमान सहा महिन्यांचा कोर्स पुरा करावा लागतो. मध्येच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. मग उपचार लांबतात, औषधं जड पडतात, आणि तोवर त्याच घरातली लेकरं त्याच हवेत श्वास घेत असतात. बाईंना बरं वाटलं ते खरंच वाटलं असणार. साक्ष देताना त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि तरी ती साक्ष ऐकून गावातला आणखी कुणी पेशंट गोळ्या सोडून बसला असेल तर?

तेव्हा उद्याच्या उद्या त्या गावी जा. फोनवर भागवू नका. तुम्ही 'गोळ्या सोडा' असं म्हणाला नसाल, पण त्यांनी सोडल्या त्या तुमच्या प्रार्थनेच्या भरवशावर. म्हणून 'पुन्हा सुरू करा' हे सांगणारं तोंडही तुमचंच हवं. गावच्या आशाताईंना आधी कळवा आणि बाईंना, घरातल्या एखाद्याला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने परत चालू करायच्या नाहीत. खंड पडलाय हे डॉक्टरांना स्वच्छ सांगायचं, ते बेडका तपासून पुढचं ठरवतील. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. त्या घरात हे कुणाला ठाऊक नसेल तर तेही सांगा.

आणि मग त्याच गावच्या पुढच्या सभेत, संदेशाला सुरुवात करण्याआधी, जिथे टाळ्या वाजल्या तिथेच उभं राहून बोला. प्रार्थना फुकट गेली असं म्हणायची काही गरज नाही. 'बहिणीसाठी आपण प्रार्थना करत राहू, आणि बहीण गोळ्या घेत राहील,' एवढं म्हटलंत तरी पुरे. दबकत नको, ठणकावून. बॅनरवर 'चंगाई सभा' (प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा) आणि खाली तुमचा फोटो असं छापणाऱ्या आयोजकांनाही हेच ऐकवा. ठरावीक आजार चमत्काराने बरे करण्याची जाहिरात करायला 1954 पासून कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायद्याच्या भीतीपोटी बॅनर बदलावा, अशी वेळ सुवार्तिकावर यावी हेच मला खटकतं.

आपल्याच भागाचा इतिहास बघा. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला 1894 मध्ये दवाखाना उभा केला. पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी वेगळं आरोग्यधाम झालं. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला 1943 मध्ये. मोकळी हवा, दूध-अंडी, पडून राहणं आणि प्रार्थना, एवढ्याच भांडवलावर तिथल्या नर्सबाई माणसं जगवायला धडपडत होत्या. त्यांच्या हाती तुमच्या बाईंनी फडताळात टाकून दिलेल्या गोळ्या पडल्या असत्या, तर त्यांनी त्यावरच आभारप्रार्थना केली असती. मिशन दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग ऑपरेशन व्हायचं. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, निम्म्या घरांत एक तरी नर्स आहे, तुमच्या घरात तर आहेच. तिला विचारलं असतं तर तिने तुम्हाला दोन मिनिटांत सावध केलं असतं. विचारलं नाही, कारण हे तुम्ही तिलाही सांगितलं नाही. "कुणाला सांगितलेली नाही" असं तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही ढोंगी आहात का, याचा निकाल माझ्याकडे मागू नका. त्या दिवशीच्या टाळ्या तुम्हाला हव्याशा वाटल्या, एवढं पत्रावरून दिसतं. आणि त्या का हव्याशा वाटल्या हेही मला समजतं.

आजऱ्याकडच्या सभा मला माहीत आहेत. ऊसतोड चालू असली की माणसं रानातून आठ-साडेआठला येतात, हातपाय धुऊन, भाकरी खाऊन जमेपर्यंत नऊ वाजतात. सोप्यात सतरंजी अंथरलेली, एका कोपऱ्यात टोपलीखाली झाकलेली कोंबडी, मधूनच कुरकुरणारी. पेटीचा एखादा स्वर अडकलेला असतो, तो वगळून वाजवायची सवय वाजवणाऱ्याला झालेली असते. गीत सुरू झालं की शेजारपाजारच्या, मंडळीत नसलेल्या बायकाही उंबऱ्याशी येऊन टेकतात. दिवसभर उसाच्या पाचटात कापून निघालेले हात मांडीवर ठेवून माणसं ऐकत असतात आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशी बघतात की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. सभा संपल्यावर कुणी घनसाळ तांदळाची पिशवी हातात देतं, कुणी गुळाची ढेप. रात्री अकराला निपाणीच्या रस्त्याला लागताना माणूस तरंगत असतो. (त्या रस्त्याने रात्री येऊ नका हो. गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. गावातच मुक्काम करा आणि उजाडल्यावर निघा.)

आणि मग घरी. घरी कुणी तोंडाकडे बघत नाही. गॅस संपलेला असतो, मुलीचा क्लास असतो, वहिनी नाइट करून आलेल्या असतात. तिथे तुम्ही वक्ते नसता. मला वाटतं, तुमच्या कोरडेपणाचं मूळ इथे आहे. गेली कित्येक वर्षं तुम्ही फक्त बोलत आला आहात. बायबल उघडलं की संदेशाचे मुद्दे दिसतात, प्रार्थनेला बसलं की पुढच्या सभेतली प्रार्थना ओठांवर येते. पंगतीत वाढपी सगळ्यांना आग्रह करकरून वाढतो, हाताला रश्श्याचा वास असतो, म्हणून आपण जेवलो असं त्याला वाटायला लागलं तर काय होईल? तसं तुमचं झालंय. आत काही हलत नाही, कारण आत काही गेलेलंच नाही.

म्हणून विचारते, रविवारी तुम्ही कुठल्या बाकावर बसता?

तुम्ही कुठल्याच बाकावर बसत नाही. रविवारी तुम्ही कुठल्या तरी गावात उभे असता. आपल्याकडे बहुतेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असतं. वहिनी आणि मुलीच्या शेजारी बसून तुम्ही शेवटचं प्रभुभोजन कधी घेतलंत, आठवून बघा. आठवायला वेळ लागला, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

माझं सांगणं एवढंच, की महिन्याचा पहिला रविवार कोल्हापुरात काढा. कुणीही बोलावलं तरी. पाळकसाहेबांना आधी भेटून सांगा, 'मला काही काम देऊ नका. शास्त्रपाठ नको, प्रार्थना नको, दोन शब्द तर मुळीच नकोत.' ते देणार, सेवक दिसला की त्याला पुढे बोलवायची आपल्याकडे खोडच आहे, तेव्हा हात जोडून नाही म्हणा. मागच्या बाकावर बसा. दुसऱ्याचा संदेश ऐका. कंटाळवाणा असेल तर कंटाळा येऊ द्या. तुमच्या मंडळीतली माणसं वर्षानुवर्षं तेच करत आली आहेत आणि त्यांचा विश्वास टिकून आहे. मुद्दे काढायचे नाहीत, 'मी असतो तर हे असं मांडलं असतं' हे मनात आलं की सोडून द्यायचं. ताट पुढे आलं की घ्यायचं, इतकंच. पहिल्या एक-दोन वेळा तुम्हाला अगदी बेकार बसल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

घरी एकटे असताना गुडघे टेकून शब्दांची वाट बघत बसण्यापेक्षा स्तोत्रसंहिता घ्या आणि रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. जवळ पेन ठेवू नका. तुम्ही सभांत 23 वं, 91 वं, 121 वं घेत असणार, सगळेच घेतात. 88 वं कुणी घेत नाही, कारण त्यात शेवटी उजेड पडत नाही. ओरडून ओरडून थकलेल्या माणसाचं ते स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे, तीही प्रार्थनाच आहे. ज्या दिवशी आत काही हलत नाही त्या दिवशी ते वाचा. आणि एलीया संदेष्ट्याचं काय झालं तेही आठवा. रतामाच्या झुडपाखाली तो 'पुरे झालं, प्रभू' म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. मग परत उठवून खाऊ घातलं. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर किती दिवसांनी. तुम्ही झोपता किती हे पत्रात लिहिलेलं नाही, पण रात्री अकराला निपाणी रस्त्याला लागणारा माणूस किती झोपत असेल याचा अंदाज मला आहे.

आता घर. मी स्वतः प्रचारकाची मुलगी, म्हणून तुमच्या लेकीचं वाक्य मला लगेच कळलं. आमचे वडील दौऱ्यावरून आले की जेवणाआधीची प्रार्थना भात गार होईपर्यंत चालायची. त्यात फिरलेली सगळी गावं यायची, तिथले आजारी यायचे, सावकार यायचा, मामलेदार यायचा. आम्ही भावंडं एक डोळा उघडून आमटीवर धरलेली साय बघत असायचो. वडिलांवर आमचा जीव होता. पण त्यांनी माझ्या वहीत डोकावून 'हे गणित कसं सोडवलंस' असं विचारलं असतं, तर मला त्या सगळ्या गावांपेक्षा जास्त आनंद झाला असता.

तुमच्या मुलीला उपदेश नको आहे आणि तुमची क्षमायाचनाही नको आहे. तीही सभाच होईल. ती अभ्यासाला बसते तेव्हा त्याच खोलीत बसा. तोंड बंद. तिला चहा करून द्या. क्लासला सोडायला जा आणि गाडीवर काही समजावून सांगू नका. ती आपणहून बोलेल, तेव्हा वचन सांगायची घाई करू नका. हे तुम्हाला चंदगडच्या घाटापेक्षा अवघड जाणार आहे.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. 'विश्वासाने चालतो' असं म्हणता आणि पुढे लगेच 'घर तिच्या पगारावर चालतं'. भाऊ, मग विश्वासाने कोण चालतंय? लूकच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रभूबरोबर फिरणाऱ्या बायकांचा उल्लेख आहे. मग्दालीया मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ. त्या आपल्या पैशांनी प्रभूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. लूकने त्यांची नावं नोंदवून ठेवली. तुमच्या साक्षीत वहिनींचं नाव कधी येतं का? त्या नाइट ड्यूटी करतात म्हणून तुमच्या गाडीत पेट्रोल पडतं, हे आजऱ्यातल्या कुणाला माहीत आहे का? पौलाने तीमथ्याला लिहिलंय की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. कडक शब्द आहेत. ज्येष्ठ सेवकांनी तुम्हाला हे वचन ऐकवलं नाही वाटतं?

त्यांच्या नांगराबद्दल. ते वचन मी पातळ करणार नाही, प्रभूने ते म्हटलंय आणि ते बोचण्यासाठीच म्हटलंय. पण हाताने काम करणं म्हणजे मागे बघणं, हा अर्थ कुठून काढला? पौल करिंथात आला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. इफिसच्या मंडळीतल्या ज्येष्ठांचा निरोप घेताना त्याने हात पुढे करून सांगितलं, या हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. आपल्या वारकऱ्यांतही ज्या गावी कीर्तन करायचं तिथलं अन्न घेऊ नये असा जुना दंडक आहे. सेवेवर पोट भरणं हे पाप नाही. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हेही प्रभूचंच वाक्य. पण जो आपल्या हातचं खातो त्याला कुणाच्या बॅनरपुढे आणि कुणाच्या टाळ्यांपुढे वाकावं लागत नाही.

दुकान सुरू करा. अर्धवेळ का होईना, करा. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की गावोगाव मोटरी जळतात, आणि पीक वाळत असताना शेतकरी मोटर घेऊन तालुक्याला हेलपाटे घालतो. जळकी कॉइल काढून नवी नीट भरणारा, व्हार्निश वाळेपर्यंत धीर धरणारा आणि वायदा पाळणारा माणूस कुठल्याही गावाला हवा असतो. एकच अट. मोटर बांधून देताना खिशातलं पत्रक बाहेर काढायचं नाही, आणि मंडळीच्या माणसाला एक दर नि बाकीच्यांना दुसरा असं करायचं नाही. मोटर ही मोटरच राहू द्या. तिला गळ बनवलंत की त्या मोबाइलवाल्या पोरांचा प्रश्न खरा ठरेल.

त्या पोरांचं म्हणाल तर, प्रश्न उद्धट होता पण तो आकाशातून पडलेला नाही. आपल्यातल्याच काही जणांच्या जिभेने तो पिकवलाय. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून सुवार्ता सांगणारे मीही ऐकले आहेत. जोतिबाच्या पायथ्याशी राहायचं आणि जोतिबाला शिव्या घालायच्या, ही कुठली सुवार्ता? तुम्ही तसं करत नसाल असं धरून चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने आपला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. ज्या घरचं बोलावणं आहे त्याच घरी जा, गावात नवीन असाल तर पोलीस पाटलांना भेटून या, कुणाला वस्तू किंवा पैसे देऊ नका, कॅमेऱ्यासमोर वाद घालू नका. 'पैसे मिळत नाहीत, बायकोच्या पगारावर पेट्रोल टाकतो' हे खरं उत्तर हसून देऊन टाका आणि निघा. जीव धोक्यात वाटला तर सभा सोडून घरी यायला लाजू नका. पौलाला दिमिष्कात टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं होतं.

दुकान आणि पहिला रविवार यांची सांगड घालायची तर फेरा कमी करावा लागेल. चार तालुके एका माणसाने दुचाकीवर करणं हा हट्ट आहे. रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांनाही पंचक्रोशी पालथी घालता आली असती. मधला काही काळ सोडला तर ते वर्षानुवर्षं इथेच राहिले, शाळा काढल्या, लोकांच्या शिव्या आणि ओळखी दोन्ही मिळवल्या. न्यू शाहूपुरीत त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. तुम्हीही दोन-तीन गावं निवडा जिथे तुम्हाला लोकांच्या पोरांची नावं पाठ आहेत. बाकीची गावं त्या-त्या भागातल्या मंडळ्यांकडे सोपवा. टीबीच्या बाईंचं गाव मात्र सोडू नका, निदान त्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत.

नव्या करारात सुवार्तिक ही पदवी नावाला जोडून एकाच माणसाला दिली आहे, फिलिप्पाला. गज्जाच्या रस्त्यावर रथामागे धावणारा तोच. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात तो पुन्हा भेटतो तेव्हा कैसरियात त्याचं घर आहे, त्या घरात पौल पाहुणा म्हणून उतरलाय, आणि त्याला संदेश देणाऱ्या चार मुली आहेत. फिलिप्पाचं त्या प्रसंगातलं एकही वाक्य लिहिलेलं नाही. मुलींचा उल्लेख मात्र आहे. हा भाग मला फार आवडतो, त्यावर कधी कुणी संदेश दिलेला मी ऐकला नाही. तुम्हीही लगेच देऊ नका.

आता ता. क. बारावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. चंदगडला नाही म्हणून कळवा. 'प्रार्थना करून सांगतो' असं म्हणत लांबवू नका, आजच फोन करा, म्हणजे त्यांना दुसरा वक्ता बघायला वेळ मिळेल. कारण विचारलं तर मुलीची परीक्षा आहे म्हणून सांगा. त्या तीन दिवसांत वहिनींची ड्यूटी कोणती आहे ते आधी विचारून घ्या. पेपरला मुलीला सोडायला कोण जाणार हे त्यावर ठरेल.